मज्जापेशी आपली जागा कशी ओळखतात

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतातील बोफर्ट या समुद्रकाठच्या गावी १९०७ साली हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन या प्राणिशास्त्रज्ञांनी तांबड्या रंगाच्या एका जिवंत स्पंजाचे तुकडे बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढले. कापडाच्या छिद्रांतून स्पंजाच्या पेशी सुट्या होऊन समुद्राच्या पाण्यात उतरल्या आणि पात्राच्या तळाशी तांबडा थर धरून बसल्या. एखाद्या प्राण्याचा देह इतक्या पूर्णपणे विस्कटल्यावर त्याचा अंत झाला असेच कोणीही मानले असते. परंतु थोड्याच वेळात त्या पेशी हळूहळू सरकत एकमेकींना येऊन भिडू लागल्या, त्यांचे लहान गोळे आणि लहान गोळ्यांचे मोठे गोळे बनले, आणि काही दिवसांनी त्या गोळ्यांतून स्पंज पुन्हा आकारास आला. पुढील संशोधकांनी निरनिराळ्या जातींच्या स्पंजांच्या पेशी एकाच पात्रात मिसळून पाहिल्या, तेव्हा ज्या त्या जातीच्या पेशी इतरांना टाळून आपापल्या जातीच्या पेशींशीच जडतात, असेही अनेक जोड्यांच्या बाबतीत दिसून आले.

स्पंजाला मेंदू नसतो, मज्जातंतूही नसतात. तरीही मानवी मेंदूची घडण समजावून घेण्याचा एक महत्त्वाचा मार्ग या प्राण्यापासून सुरू होतो, कारण शेजारच्या पेशीला स्पर्शाने ओळखणे आणि ओळख पटल्यावर तिला धरणे किंवा न धरणे, हा जो गुण विल्सन यांना त्या पात्रात दिसला, त्याचेच अतिशय विकसित रूप गर्भाच्या मेंदूत कामाला लागलेले असते.

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी एकट्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या वरच्या, अवघ्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या आवरणात, सहा थरांनी मांडलेल्या असतात. प्रथिने घडविणारी जनुके मात्र आपल्याजवळ वीस हजारांच्या घरात आहेत. प्रत्येक मज्जापेशीसाठी तिचा थर, तिचे शेजारी आणि तिचे दूरचे संबंध यांचा स्वतंत्र तपशील नोंदवून ठेवण्याइतके मोठे दप्तर पेशीजवळ नाही. त्यातून अडचण अशी की, बाह्यकातील मज्जापेशी ज्या ठिकाणी जन्मतात त्या ठिकाणी त्या राहत नाहीत. त्यांना आपल्या मुक्कामापर्यंत स्वतः चालत जावे लागते. हा सारा बंदोबस्त कोणत्याही देखरेखीवाचून कसा होतो, या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत जी उत्तरे मिळाली, त्यांपैकी पेशींच्या पृष्ठभागावरील आसंजक रेणूंविषयीचे उत्तर मला सर्वांत मूलगामी वाटते. आसंजन म्हणजे चिकटणे. परंतु नुसत्या चिकटण्याने मेंदू घडला नसता. कोणाला किती घट्ट धरावे, धरलेल्याला केव्हा सोडावे आणि कोणाला ओळख पटल्यावरही दूर सारावे, या तिन्ही गोष्टींचे प्रमाण सांभाळले गेले तरच ती रचना उभी राहते, आणि प्रस्तुत लेखात मुख्यतः हेच दाखवावयाचे आहे.

स्पंजाकडून पृष्ठवंशी प्राण्यांकडे हा विचार नेण्याचे श्रेय योहानेस होल्टफ्रेटर या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञांकडे जाते. निरनिराळ्या ऊतकांना परस्परांविषयी कमीअधिक ओढ असते, ही कल्पना त्यांनी १९३९ साली मांडली. महायुद्धाच्या काळात कॅनडात स्थानबद्धता भोगून पुढे अमेरिकेतील रॉचेस्टर येथे स्थायिक झाल्यावर, फिलिप टाउन्स या सहकाऱ्यासह १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी तिला प्रयोगाचा भक्कम आधार दिला. उभयचर प्राण्यांच्या भ्रूणाचे तुकडे किंचित अल्कधर्मी द्रावणात ठेवले की त्यांतील पेशी सुट्या होतात आणि द्रावण पूर्ववत केले की पुन्हा एकत्र येतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पुढे मेंदू होणाऱ्या पट्ट्यातील पेशी आणि त्वचा होणाऱ्या भागातील पेशी एकत्र मिसळल्या. प्रारंभी त्या मिश्रणात काहीच क्रम नव्हता. परंतु पेशींच्या रंगांत फरक असल्यामुळे पुढचा सर्व व्यवहार डोळ्यांना दिसत होता: त्वचेच्या पेशी एकेक करून बाहेर सरकल्या, मज्जापेशींच्या पूर्वज आत गेल्या, आणि अखेरीस बाहेर त्वचेचे अखंड आवरण व आत पोकळी असलेली मज्जानलिकेसारखी रचना, अशी जी मांडणी खऱ्या भ्रूणात असते तीच त्या गोळ्यात तयार झाली. बाहेरून कोणी दिशा दाखविलेली नव्हती. जे काही मार्गदर्शन झाले ते पेशींच्या अंगीच होते.

माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६० नंतरच्या काळात या घटनेला भौतिकशास्त्रीय अर्थ दिला. पेशी जात ओळखतात असे मानण्याची नेहमीच गरज नाही. ज्या पेशी एकमेकींना अधिक घट्ट धरतात त्या आपोआप मध्यभागी गोळा होतात आणि ज्यांची पकड सैल असते त्या त्यांच्याभोवती पसरतात, असा त्यांचा सिद्धांत होता. तो पटण्याजोगा होता, परंतु पकडणारा हात कोणता, हे जोपर्यंत माहीत नव्हते तोपर्यंत तो सिद्धांतच राहणार होता.

तो हात शोधण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात दोन ठिकाणी झाले. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेरल्ड एडेलमन यांनी, ज्यांना प्रतिपिंडांची रासायनिक रचना उलगडल्याबद्दल १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, आपले लक्ष भ्रूणाकडे वळविले. कोंबडीच्या भ्रूणातील दृष्टिपटलाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, त्या प्रतिपिंडांचे असे तुकडे पाडावेत की ते पेशीच्या एकाच रेणूला झाकतील पण दोन पेशींना जोडणार नाहीत, आणि मग कोणत्या रेणूला झाकले असता पेशींचे एकत्र येणे थांबते ते पाहावे, अशी त्यांची तजवीज होती. या मार्गाने त्यांच्या गटाला १९७७ च्या सुमारास जो रेणू सापडला, तो आज एनकॅम या नावाने ओळखला जातो. दहा वर्षांनी त्याची घडण उलगडली तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगात पाच घड्या अगदी प्रतिपिंडातील घड्यांच्या धर्तीवर असल्याचे आढळले. परक्या जंतूला ओळखणारे प्रथिन आणि शेजारच्या मज्जापेशीला ओळखणारे प्रथिन ही एकाच कुळातली निघावीत आणि दोन्हींचा उलगडा एकाच माणसाच्या हातून व्हावा, असा योग विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

दुसरा शोध मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञांचा, आणि तो मला अधिक जवळून सांगावासा वाटतो. क्योतो विद्यापीठातून ताकेइची काही काळासाठी बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या भ्रूणशास्त्र विभागात गेले होते. पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरण्याची रीत दोन्हीकडे होती. क्योतोत सुट्या केलेल्या पेशी पुन्हा सहज एकत्र येत. बाल्टिमोरमध्ये मात्र त्याच कृतीने सुट्या केलेल्या पेशी काही केल्या एकमेकींना धरीनात. एखाद्याने हात चुकला असे समजून प्रयोग नव्याने मांडला असता. ताकेइची यांनी दोन्हीकडच्या द्रावणांचा घटकवार पडताळा घेतला, तेव्हा बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए हे कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन मिसळलेले असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते साधे, पण फार दूर नेणारे होते: पेशीच्या पृष्ठभागावर असे एक प्रथिन असले पाहिजे, की कॅल्शियम हजर असताना ट्रिप्सिन त्याला तोडू शकत नाही, आणि कॅल्शियम काढून घेताच ते उघडे पडते व कापले जाते. हे अनुमान त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. पुढे त्या प्रथिनाला कॅडहेरिन असे नाव मिळाले, त्याच्या अनेक जाती सापडल्या, आणि आज या कुळात शंभराहून अधिक प्रथिनांची गणना होते.

कॅडहेरिन पेशीच्या पटलात आरपार रोवलेले असते. बाहेरच्या बाजूला त्याचे पाच खंड असतात आणि खंडांच्या सांध्यांत कॅल्शियमचे आयन बसतात. ते बसले की सारा रेणू ताठ उभा राहतो, आणि निघून गेले की ढिला पडतो. समोरच्या पेशीवर तशाच जातीचे कॅडहेरिन असेल तर दोघांच्या टोकाकडचे खंड परस्परांत अडकतात. आतल्या बाजूला त्याचे शेपूट कॅटेनिन नावाच्या प्रथिनांच्या द्वारे पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते, म्हणून बाहेर धरलेल्या हाताची ओढ थेट आतल्या सांगाड्यापर्यंत पोहोचते. ताकेइची यांच्या प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात, एकमेकींना फारसे न धरणाऱ्या उंदराच्या पेशींत कॅडहेरिनचे जनुक घातले. त्या पेशी तत्काळ परस्परांना बिलगल्या. निरनिराळ्या जातींचे कॅडहेरिन दिलेल्या पेशी मिसळल्या तेव्हा त्यांचे वेगवेगळे पुंजके झाले. पुढे १९९४ साली स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी मिळून एकच कॅडहेरिन, परंतु कमीअधिक प्रमाणात असलेल्या दोन पेशीसमूहांची मिसळण केली, तेव्हा अधिक कॅडहेरिनच्या पेशी आत आणि कमीच्या बाहेर, अशी मांडणी झाली. तीस वर्षांपूर्वीचा सिद्धांत ज्याने मांडला त्याच्याच हातून तो सिद्ध झाला.

आता प्रत्यक्ष भ्रूणाकडे वळू. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मानवी भ्रूणाच्या पाठीवर पेशींचा एक जाडसर पट्टा दिसू लागतो. त्याच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, जुळतात आणि चौथा आठवडा संपेपर्यंत त्यांची बंद नळी होते. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही या नळीतून निघतात. या पट्ट्यातील पेशींवर आरंभी त्वचेच्या पेशींप्रमाणेच ई-कॅडहेरिन (कॅडहेरिनची एक जात) असते; पट्टा वळू लागतो तसतसे ते ओसरते आणि त्याच्या जागी एन-कॅडहेरिन ही दुसरी जात येते. अशा रीतीने काल एकाच पत्र्यात शेजारी असलेल्या पेशींचे दोन पक्ष पडतात, नळी वरच्या त्वचेपासून सुटी होऊन आत जाते, आणि त्वचा तिच्यावर अखंड मिटते. बेडकाच्या भ्रूणात त्वचेच्या पेशींनाही एन-कॅडहेरिन घडविण्यास भाग पाडले, तर ही हद्द पुसट होते आणि नळी त्वचेपासून नीट सुटत नाही, असे १९९० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले. तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एन-कॅडहेरिनचे जनुक मुळातच काढून टाकलेले उंदीर १९९७ साली तयार करण्यात आले, तेव्हा त्यांची मज्जानलिका नागमोडी झाली खरी, परंतु ती बनली; हे भ्रूण दहाव्या दिवसाच्या सुमारास दगावले ते मुख्यतः हृदयाच्या विकृतीने. एका रेणूवर सारा भार टाकलेला नाही, हा याचा अर्थ, आणि कोणत्याही एका रेणूला मेंदूचा शिल्पकार म्हणून मिरविणाऱ्या लेखनाकडे वाचकाने संशयाने पाहावे, हा त्यातून निघणारा व्यवहारातला बोध.

नळी मिटत असतानाच तिच्या कडेवरील काही पेशी अगदी विरुद्ध वाट धरतात. त्या आपले एन-कॅडहेरिन कमी करतात, शेजारणींचे हात सोडतात आणि शरीरभर पांगतात. शरीराच्या टोकापर्यंतच्या मज्जातंतूंचा मोठा भाग, त्वचेतील रंगद्रव्याच्या पेशी आणि चेहऱ्याच्या हाडांचा बराचसा भाग त्यांच्यापासून होतो. सोडणे हेही रचनेचेच अंग आहे, याचे हे पहिले उदाहरण.

मेंदूच्या विभागांच्या सरहद्दीही अशाच ठरतात, हे सांगताना मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका कामाचा उल्लेख करणे उचित होईल. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने सहकाऱ्यांसह २००८ साली दाखवून दिले की, उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतील ज्या पेशींत एलएचएक्स-२ हे जनुक काम करीत नाही त्या बाह्यकाच्या पेशी होतच नाहीत. मध्यरेषेकडच्या भागात अशा पेशींचे पुंजके बाह्यकाची काठपट्टी बनतात, आणि त्या पुंजक्यांशेजारच्या निरोगी पेशींतून, जेथे एरवी कधी झाला नसता तेथे, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस घडू लागतो. एका जनुकाने पेशीची जात ठरते. जात ठरली की शेजार ठरतो. आणि शेजारावरून पुढची सारी मांडणी ठरते.

धरण्याचे प्रमाण कमी करण्याची मेंदूची एक युक्ती तर विशेष मनोवेधक आहे. गर्भावस्थेतील एनकॅमला सियालिक आम्लाच्या लांबच लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्या आपल्याभोवती पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शेजारच्या दोन पेशींची पटले पुरेशी जवळ येऊच शकत नाहीत. कोकणात फणस फोडण्यापूर्वी चीक हाताला बसू नये म्हणून हाताला तेल लावतात, त्याच कामाची ही तजवीज म्हणावी. ज्या काळात पेशींना सरकावयाचे असते त्या काळात या साखळ्या विपुल असतात, आणि मेंदू स्थिरावला की बहुतेक भागांतून त्या नाहीशा होतात. जेथे प्रौढपणीही नव्या मज्जापेशी जन्मून प्रवास करतात तेथे मात्र त्या टिकतात. उंदरात अशा पेशी मेंदूच्या आतल्या भागातून गंधकंदाकडे ओळीने जात असतात. एनकॅमचे जनुक काढले, किंवा विकराच्या साहाय्याने नुसत्या या साखळ्या तोडल्या, तरी हा प्रवास खोळंबतो आणि गंधकंद खुजा राहतो.

बाह्यकाची उभारणी हा या विषयातील सर्वांत समृद्ध भाग आहे. बाह्यकातील बहुसंख्य मज्जापेशी मेंदूच्या आतल्या पोकळीच्या काठाशी जन्मतात. तेथून बाह्य पृष्ठभागापर्यंत काही लांबट पेशी आपले तंतू ताणून उभ्या असतात. त्यांना अरीय आधारपेशी म्हणतात. पास्को राकिच यांनी १९७२ साली माकडाच्या गर्भाच्या मेंदूची अत्यंत चिकाटीने केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि नवजात मज्जापेशी या तंतूंना बिलगून वर चढतात, हे दाखवून दिले. त्यापूर्वी १९६१ मध्ये अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या पेशींचा माग काढून आणखी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आणली होती: आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, आणि नंतर जन्मलेल्या पेशी त्यांना ओलांडून त्यांच्या वरचा थर धरतात. म्हणजे घर तळापासून वर बांधले जाते, आणि प्रत्येक नव्या मजल्याच्या पेशीला आधीच्या सर्व मजल्यांतून वाट काढावी लागते.

या चढणीत पेशी तंतूला धरते ती बव्हंशी एन-कॅडहेरिनने. परंतु सतत घट्ट धरून ठेवले तर चढता येणार नाही, आणि मुळीच न धरले तर पेशी भरकटेल. ताकेशी कावाउची यांच्या गटाने २०१० साली दाखविले की, चढणारी मज्जापेशी आपल्या पृष्ठभागावरचे एन-कॅडहेरिन एका बाजूने आत ओढून घेते आणि दुसऱ्या मार्गाने पुन्हा पृष्ठभागावर पाठविते. आत ओढणे बंद पाडले तरी पेशी अडते, परत पाठविणे बंद पाडले तरी अडते. या एका तपशिलात मेंदूच्या घडणीचे मर्म इतक्या स्वच्छपणे दिसते की, तो वाचताना मला नेहमी आश्चर्य आणि आदर या दोन्ही भावना एकदम होतात.

चढण संपवून कोठे थांबावयाचे, हाही प्रश्नच आहे. त्याचे उत्तर एका लटपटत्या उंदराने दिले. एडिंबरो येथे डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली तोल न सावरणाऱ्या, झोकांड्या खाणाऱ्या उंदरांच्या एका वाणाचे वर्णन केले. त्याला रीलर म्हणतात. त्या उंदरांच्या बाह्यकातील थर जवळजवळ उलटे झालेले असतात, कारण नव्या पेशी जुन्यांना ओलांडून वर जाऊ शकत नाहीत. यास कारणीभूत जनुक १९९५ साली हाती लागले, आणि त्याच्या प्रथिनाला रीलिन असे नाव देण्यात आले. बाह्यकाच्या अगदी वरच्या थरातील काहाल-रेट्झियस पेशी हे प्रथिन सोडतात. रीलिन स्वतः पेशींना जोडीत नाही. परंतु त्याचा निरोप पोहोचला की चढत आलेल्या मज्जापेशीच्या अग्रभागी एन-कॅडहेरिनचा अंमल वाढतो, तिच्यावरील नेक्टिन-३ हे आसंजक प्रथिन वरच्या पेशींच्या नेक्टिन-१ शी जुळते, तिचे टोक वरच्या थरात पक्के रोवले जाते, आणि मग ती आधाराचा तंतू सोडून आपले शरीर वर ओढून घेते. मनुष्यातही रीलिनच्या जनुकात बिघाड झाल्यास मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत आणि अनुमस्तिष्क खुजे राहते.

पेशी जागेवर बसली तरी तिचे काम अर्धेच झालेले असते. तिच्या शाखांनी योग्य जोडीदार गाठावयाचा असतो. रॉजर स्पेरी यांनी १९४० नंतरच्या काळात न्यूट व बेडूक यांचा डोळा काढून उलटा फिरवून बसविला. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढला, प्राण्याला दिसू लागले, परंतु वरच्या बाजूचे भक्ष्य टिपण्यासाठी तो खाली झेप घेई, आणि कितीही दिवस गेले तरी ही चूक सुधारत नसे. प्रत्येक तंतू आपल्या मूळच्या ठिकाणीच परत गेला होता. ही वाट दाखविणारे जे रेणू पुढे सापडले त्यांतील एफ्रिन हे प्रमुख, आणि त्यांचे काम बहुधा तंतूला अडविण्याचे, दूर ठेवण्याचे असते.

ओळख पटवून दूर सारण्याचा सर्वांत विलक्षण प्रकार मात्र पेशीच्या स्वतःच्या शाखांत आढळतो. एका मज्जापेशीच्या शाखा एकमेकींवर गुंतल्या तर त्या एकाच ठिकाणचा संदेश पुन्हा पुन्हा घेत बसतील, म्हणून त्यांनी परस्परांना टाळले पाहिजे. परंतु शेजारच्या पेशीच्या शाखांशी त्यांचा संबंध यावयास तर हवा. ही शाखा माझी आणि ही परकी, असा विवेक पेशीने कसा करावा? फळमाशीत डीएसकॅम या एकाच जनुकाच्या तुकड्यांची निरनिराळी जुळणी करून ३८,०१६ प्रकारची प्रथिने बनू शकतात, हे २००० साली उघड झाले. प्रत्येक मज्जापेशी त्यांतील मूठभर प्रकार जणू चिठ्ठ्या टाकून निवडते, आणि तोच संच धारण केलेली शाखा भेटली की ती स्वतःचीच समजून मागे सरते. आपल्या देहात हे काम प्रोटोकॅडहेरिन करतात. त्यांची पन्नासाहून अधिक जनुके एकापाठोपाठ एक मांडलेली असून प्रत्येक पेशी त्यांतील काहींचाच संच वापरते. त्यांतील एक गट काढून टाकला असता उंदराच्या दृष्टिपटलातील ताऱ्याच्या आकाराच्या पेशींच्या शाखा स्वतःतच गुंतून पडतात, हे २०१२ साली सिद्ध झाले.

दोन मज्जापेशींची अखेरची गाठ जेथे पडते त्या सिनॅप्सवरही न्यूरेक्सिन आणि न्यूरोलिगिन ही आसंजक प्रथिनांची जोडी समोरासमोर उभी असते. न्यूरोलिगिनच्या दोन जनुकांतील बिघाड आत्ममग्नता असलेल्या काही भावंडांत २००३ साली आढळला. अशी कुटुंबे फार थोडी आहेत, आणि आत्ममग्नतेचे कारण सापडले असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

गर्भवती स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाचा रेणू म्हणजे एल-१. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून त्यातील दोषाचा फटका प्रामुख्याने मुलग्यांना बसतो: मेंदूत पाणी साचते, दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा सेतू अपुरा राहतो आणि पुष्कळदा हाताचे अंगठे तळव्याकडे वळलेले असतात. मायकेल चारनेस यांच्या गटाने १९९० नंतरच्या दशकात दाखविले की, एक-दोन पेले मद्य घेतल्यावर रक्तात जेवढे अल्कोहोल येते तेवढ्यानेही प्रयोगशाळेतील पेशींचे एल-१ द्वारा होणारे आसंजन मंदावते. मद्याने गर्भाच्या मेंदूला होणाऱ्या इजेचा हा एकच मार्ग नसेल. परंतु गर्भारपणात थोडे घेतले तर चालते, या समजुतीला या प्रयोगाने मोठाच छेद दिला आहे.

शेवटी ज्या विकाराचे उदाहरण द्यावयाचे त्यात पेशींच्या प्रवासाचे महत्त्व एखाद्या आकृतीइतके स्पष्ट दिसते. स्पेनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ आउरेलियानो माएस्त्रे दे सान हुआन यांना १८५६ साली एका पुरुषाच्या शवविच्छेदनात मेंदूचे गंधकंद आढळले नाहीत, आणि त्याच पुरुषाची जननेंद्रियेही बालकासारखी अविकसित होती. नाक आणि जननेंद्रिये यांचा संबंध काय, हे त्या काळी कोणालाही सांगता येण्याजोगे नव्हते. फ्रान्झ कालमन यांनी १९४४ साली असाच विकार काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आल्याचे दाखविले, तेव्हापासून त्याला कालमन यांचे नाव आहे. पण कारण तरीही अज्ञातच राहिले.

ते उलगडले १९८९ मध्ये. तारुण्याला चालना देणारे संप्रेरक मेंदूच्या तळाशी ज्या मोजक्या मज्जापेशी बनवितात, त्या मुळात मेंदूत जन्मतच नाहीत, तर भ्रूणाच्या नाकाच्या अस्तरात जन्मतात, असे मार्लिन श्वान्झेल-फुकुदा आणि डोनाल्ड पफाफ यांनी उंदरात दाखविले. तेथून त्या गंधाच्या मज्जातंतूंना धरून, एनकॅमने समृद्ध असलेल्या वाटेने, कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूत शिरतात. त्याच वर्षी या संशोधकांना कालमन विकार असलेल्या १९ आठवड्यांच्या एका मानवी गर्भाचा अभ्यास करता आला. त्यात त्या पेशी होत्या, पण मेंदूत नव्हत्या. काही नाकात आणि काही त्या चाळणीच्या हाडावरील आवरणात, वाटेतच थांबलेल्या होत्या. गंधाचे तंतूही मेंदूपर्यंत पोहोचलेले नव्हते. याच्या एका प्रकाराचे जनुक १९९१ साली एक्स गुणसूत्रावर सापडले. त्याचे प्रथिन, अ‍ॅनोस्मिन, पेशींच्या भोवतालच्या जाळ्यात बसते आणि त्याचे काही खंड आसंजक रेणूंतील खंडांसारखेच आहेत. आता इतरही अनेक जनुके या विकाराशी निगडित असल्याचे कळले आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. सोळा-सतरा वर्षे उलटूनही ज्या मुलाचा आवाज फुटलेला नाही, मिसरूड फुटलेले नाही, किंवा ज्या मुलीला पाळी आलेली नाही, त्यांच्या बाबतीत ‘होईल सावकाश’ म्हणून वर्षे घालवू नयेत. त्यांना वास येतो का, हे एकदा अवश्य विचारावे. जन्मापासूनच वास न येणाऱ्याला आपल्यात काही उणे आहे हे पुष्कळदा माहीतही नसते. उत्तर नकारार्थी आले तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे. संप्रेरकांच्या उपचाराने तारुण्याची वाढ होते, आणि योग्य उपचार घेतल्यास यांतील अनेकांना पुढे मुलेही होऊ शकतात.